बांधकाम परवानगी नाकारली, तर अपील कोठे आणि कसे करावे : सोलापूरकरांसाठी मार्गदर्शन

महापालिकेने बांधकाम परवानगी नाकारली की सोलापुरातला माणूस बहुधा आधी आपल्या प्रभागातील नगरसेवकाकडे जातो, आणि विषय सर्वसाधारण सभेत मांडून घ्यावा असे त्याला सुचवले जाते. हा सल्ला आपुलकीने दिलेला असला तरी त्याने अर्जदाराचे मोठे नुकसान होऊ शकते, कारण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ खाली दिलेल्या नकाराविरुद्ध अपील ऐकण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला नाही. ते अपील कलम ४७ खाली राज्य शासनाकडे, किंवा शासनाने त्यासाठी नेमलेल्या आणि उपसचिवापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याकडे, आदेश कळवल्याच्या तारखेपासून ४० दिवसांच्या आत करावे लागते. सभेची विषयपत्रिका, लोकशाही दिनातील अर्ज किंवा आयुक्तांची भेट यांपैकी कशानेही हे ४० दिवस थांबत नाहीत.

सभेला काहीच अधिकार नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आपला वाद नियमाशी आहे की तो नियम आपल्या जागेला ज्या रीतीने लावला गेला त्याच्याशी आहे, हे आधी ठरवावे लागते. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या देगाव किंवा कुमठे परिसरातील एखादी जमीन विकास आराखड्यात शेती विभागात दाखवलेली असेल आणि तिथे घरे बांधायची असतील, तर नकार देणारा अधिकारी नियमानेच वागलेला असतो आणि अपिलात फारसे काही हाती लागत नाही. अशा वेळी कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करून घ्यावा लागतो, आणि तेथे सभेचा ठराव, जाहीर नोटीस, हरकती-सूचना आणि शेवटी शासनाची मंजुरी हा मार्ग असल्यामुळे नगरसेवकाचा पाठपुरावा खरोखर उपयोगी पडतो. आराखडा नव्याने तयार होत असेल, तर कलम २६ खालील नोटिशीपासून ३० दिवसांत लेखी हरकत द्यावी; तिच्यावर स्थायी समितीचे ३ सदस्य आणि कमाल ४ तज्ज्ञ यांची नियोजन समिती सुनावणी घेते. जागेवर आरक्षण असून आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत ती संपादित झाली नसेल, तर कलम १२७ खालील खरेदी सूचना (जागा संपादित करा, नाहीतर आरक्षण सोडा, अशी मालकाने द्यायची नोटीस) हा आणखी वेगळा मार्ग आहे, आणि त्यात सूचनेनंतर २४ महिन्यांची मुदत मोजली जाते.

नियम अनुकूल असूनही परवानगी नाकारली गेली असेल, किंवा परवानगी देताना अन्यायकारक अटी घातल्या गेल्या असतील, तर मात्र अपील हाच मार्ग आहे. अटींविरुद्धही अपील करता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

अपिलासाठी लेखी आदेश हवा. ‘हे होणार नाही’ असे टेबलावर तोंडी सांगितले जाणे म्हणजे नकार नव्हे, आणि त्रुटी पत्र, म्हणजे प्रस्तावातील उणिवा दाखवणारे महापालिकेचे पत्र, म्हणजेही नकार नव्हे. त्रुटी पत्राला मुदतीत उत्तर देऊन त्याची पोच घ्यावी. कलम ४५ प्रमाणे नकाराच्या किंवा सशर्त परवानगीच्या आदेशात कारणे नमूद करणे बंधनकारक आहे, म्हणून कारणांशिवाय आलेले एका ओळीचे पत्र हाच अपिलातला पहिला मुद्दा होऊ शकतो. अर्ज मिळाल्यापासून, किंवा मागितलेली माहिती आपण दिल्यापासून, यांतील नंतरच्या तारखेपासून ६० दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. परंतु प्रस्ताव विकास आराखड्याशी आणि नियमावलीशी तंतोतंत जुळत असेल तरच. या तरतुदीच्या भरवशावर पाया खोदायला घेऊ नये. आधी ६० दिवस उलटल्याचे महापालिकेला लेखी कळवावे आणि वास्तुविशारदाकडून प्रस्ताव पुन्हा तपासून घ्यावा.

आदेश हातात आल्यावर त्यातील प्रत्येक कारण सुटे करून वाचावे. समजा, पूर्व भागात खाली माग आणि वर घर अशा वास्तूवर आणखी एक मजला चढवण्याचा प्रस्ताव आहे, आणि आदेशात तीन कारणे दिली आहेत : बाजूचे सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) अपुरे, पार्किंग कमी आणि समोरच्या रस्त्याची रुंदी अपुरी. यांतील पार्किंगचा मुद्दा नकाशा बदलून सुटत असेल तर तो तसाच सोडवावा. सामासिक अंतराबाबत, जागेच्या आकारामुळे खरीखुरी अडचण असल्याचे दाखवता आले, तर ३ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत काही मोजमापे शिथिल करण्याचा अधिकार महापालिकेलाच दिलेला आहे, त्यासाठी आधी तिच्याकडेच मागणी करावी. चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते प्रमाण, म्हणजे एफएसआय), रस्त्याकडील अंतर आणि पार्किंग यांत ही सवलत सहसा मिळत नाही. रस्त्याची रुंदी कागदावर चुकीची धरली गेली असेल, तर तो अपिलाचा सर्वांत भक्कम मुद्दा, कारण तो मोजणी नकाशाने सिद्ध होतो. सगळीच कारणे दुरुस्त होण्याजोगी असतील, तर माझ्या मते सुधारित प्रस्ताव दाखल करणे अपिलापेक्षा लवकर फळाला येते. मात्र सुधारित प्रस्तावाच्या वाटाघाटीत ४० दिवस निघून जाऊ देऊ नयेत.

काही नकार मुळात महापालिकेचे नसतात. होटगी रस्त्यावरील विमानतळामुळे उंचीचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळाले नसेल, किंवा भुईकोट किल्ल्याजवळची जागा संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या निषिद्ध पट्ट्यात येत असेल, तर कलम ४७ च्या अपिलात ती अडचण दूर होत नाही. तिची दाद त्या त्या केंद्रीय यंत्रणेकडेच मागावी लागते.

अपिलाचा अर्ज लांबलचक असण्याची गरज नसते. आरंभी जागेचा तपशील आणि तारखांचा क्रम द्यावा, म्हणजे अर्ज कधी केला, त्रुटी पत्र कधी आले, उत्तर कधी दिले आणि आदेश कधी मिळाला हे एका पानात दिसावे. त्यानंतर आदेशातील प्रत्येक कारण आदेशाच्याच शब्दांत उतरवून त्याखाली आपले उत्तर, नियमाचा क्रमांक आणि पुरावा लिहावा. शेवटी नेमकी मागणी करावी : नकार रद्द करून परवानगी द्यावी, अथवा अमुक अट वगळावी वा बदलावी. अन्यायाचे वर्णन आणि अधिकाऱ्यांच्या हेतूविषयीचे आरोप यांनी प्रकरण कमजोर होते, कारण सुनावणी घेणाऱ्याचे लक्ष नियमावरून माणसांवर जाते. सोबत आदेशाची प्रत आणि तो मिळाल्याचा पुरावा, मूळ अर्ज व नकाशे, मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा, मोजणी नकाशा, झोन दाखला (जमीन आराखड्यात कोणत्या विभागात आहे याचा दाखला) व भाग नकाशा (आराखड्यातील त्या भागाचा उतारा), सर्व पत्रव्यवहार आणि जागेची छायाचित्रे जोडावीत. आदेश ऑनलाइन आला असेल, तर तो कोणत्या तारखेला दिसला हे दाखवणारे पान छापून ठेवावे.

महापालिकेच्या फाइलमधील शेरे आणि स्थळपाहणीचा अहवाल मिळवण्यासाठी माहिती अधिकारात त्याच आठवड्यात अर्ज करावा. उत्तराला कायद्याने ३० दिवस मिळतात, म्हणजे ४० पैकी बहुतेक दिवस त्यातच जातात. त्यामुळे ती कागदपत्रे येण्याची वाट न पाहता अपील दाखल करावे आणि ती नंतर पुरवणी म्हणून द्यावीत. मोजणीची तारीख मिळत नसेल, तर मोजणीच्या अर्जाची पोच जोडावी.

अपील मुंबईला, मंत्रालयातील नगर विकास विभागाकडे जाते. शुल्क किती आणि प्रती किती याची विचारपूस आधीच करून घ्यावी. टपालाने पाठवता येत असले तरी मुदत संपत आलेली असताना रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाऊन हाती अर्ज देणे आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेणे अधिक सुरक्षित आहे. उशीर माफ होईलच असे गृहीत धरू नये.

अपील दाखल झाले म्हणजे बांधकामाची मुभा मिळाली, असा समज धोक्याचा आहे. विनापरवाना बांधकामाला कलम ५२ प्रमाणे किमान १ महिना ते कमाल ३ वर्षे कैद आणि दंड अशी तरतूद आहे, शिवाय कलम ५३ खाली ते पाडण्याची नोटीस येऊ शकते. चढवलेली एक भिंतसुद्धा सुनावणीत आपल्याविरुद्ध दाखवली जाते.

शेजाऱ्याला मिळालेल्या परवानगीने ज्याचे नुकसान होते, त्याला कलम ४७ चे अपील करता येत नाही. ते फक्त अर्जदारासाठी आहे. त्याने आयुक्तांकडे लेखी तक्रार करून कलम ५१ खाली परवानगी मागे घेण्याची, किंवा खोटी माहिती दिली गेली असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली ती रद्द करण्याची मागणी करावी, आणि तीही काम फार पुढे जाण्यापूर्वी.

सुनावणीत अर्जदार आणि महापालिका या दोघांनाही म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. सोबत वास्तुविशारद असावा, कारण प्रश्न बहुधा नकाशावरच येतात. तोंडी बोललेला प्रत्येक मुद्दा लेखी निवेदनातही द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अपिलावरील आदेश नगररचना अधिनियमाच्या कलम १४९ मुळे अंतिम असतो आणि दिवाणी दाव्याने त्याला आव्हान देता येत नाही. उरतो तो उच्च न्यायालयातील रिट अर्ज, आणि सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. तेथे नकाशे नव्याने तपासले जात नाहीत. सुनावणी नीट झाली का, कारणे दिली गेली का आणि मांडलेल्या मुद्द्याचा विचार झाला का, हे मुख्यतः पाहिले जाते. जो मुद्दा लेखी दिलेलाच नाही, त्याचा विचार झाला नाही अशी तक्रार तेथे टिकत नाही.