नात्यांसाठी कोचिंग देणारं ॲप बनवताय? साइन-अप आणि सबस्क्रिप्शनमधल्या या चुका टाळा

असं ॲप माणूस बहुतेक वेळा भांडणानंतर उघडतो. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, जोडीदार पलीकडच्या खोलीत असतो आणि डोळे भरून आलेले असतात. अशा ॲपच्या स्क्रीन लिहिणं हे माझं काम. प्रत्येक स्क्रीन मी त्या साडेअकराला मोबाईल हातात घेतलेल्या माणसाच्या नजरेने वाचून बघते. खालच्या बहुतेक चुका त्याचा विसर पडल्यामुळे होतात.

वीस प्रश्न आणि मग पैशांचं दार

"शेवटचं कधी रडलात?", "जवळीक उरली आहे का?" असे वीस प्रश्न विचारायचे, ‘तुमचा आराखडा तयार होतोय’ म्हणत चक्र फिरवायचं आणि मग किंमत दाखवायची. आकड्यांत लोक किमतीच्या स्क्रीनवर गळताना दिसतात, म्हणून टीम सवलत देऊन बघते. गळती तशीच राहते, कारण दुखणं किमतीचं नसतं. माणसाने मन मोकळं केलं आणि बदल्यात त्याच्या हाती काहीच आलं नाही, हे खरं दुखणं.

प्रश्न चार-पाचच ठेवा. कोचिंगला पैसे पडतात आणि साधारण किती, हे पहिल्याच स्क्रीनवर सांगा. पैसे मागण्याआधी एक खरी मदत द्या, उदाहरणार्थ उद्या सकाळी बोलणं कुठून सुरू करायचं याची दोन वाक्यं. मराठी वाक्यंही कानाला लावून तपासा. ‘आपल्या जोडीदारासोबतच्या संघर्षाची तीव्रता निवडा’ असं घरात कोण बोलतं? ‘भांडण किती दिवस चाललंय?’ एवढं पुरे. पर्यायांत ‘लग्न ठरलंय’ आणि ‘सध्या माहेरी आहे’ हेही हवेत.

उत्तरं जाहिरातवाल्यांच्या हाती

ही चूक कोडमध्ये लपलेली असते. जाहिरातीचा परिणाम मोजायला कुणीतरी साइन-अपच्या स्क्रीनवर ट्रॅकर (वापरणाऱ्याची माहिती टिपून बाहेर पाठवणारा कोड) बसवतं आणि ई-मेल, उत्तरं बाहेर जाऊ लागतात. बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या हिताची सरकारी संस्था) हाच आरोप ठेवला होता: माहिती खाजगी राहील असं सांगून ती फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना जाहिरातींसाठी दिली. मार्च २०२३ मध्ये कंपनीने ७८ लाख डॉलर भरायची तयारी दाखवली. प्रश्नावलीच्या स्क्रीनवर बाहेरचा एकही ट्रॅकर नको, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, आणि संमतीची विनंती मराठीतून वाचण्याचा पर्यायही द्यावा लागतो.

‘जोडीदाराचा नंबर टाका’

तो नंबर सक्तीचा केला की अनेक जण तिथेच थांबतात. दुसरा तयार नाही म्हणून तर पहिला एकटा आलेला असतो. त्यात ॲपनेच परस्पर ‘तुमच्या पत्नीने तुम्हाला बोलावलं आहे’ असा मेसेज पाठवला, तर निवळलेलं भांडण पुन्हा पेटतं. एकट्यालाही पूर्ण वापरता येईल असा मार्ग ठेवा. निमंत्रणाचे शब्द त्याला स्वतः लिहू द्या आणि त्याच्याच व्हॉट्सॲपवरून जाऊ द्या. पैसे कुणीही भरले तरी दुसऱ्याची खाजगी उत्तरं त्याला दिसता कामा नयेत.

‘घरी बोलताना भीती वाटते का?’ हा प्रश्न दोघांच्या एकत्र भागात कधीही नको. उत्तर ‘हो’ असेल, तर ‘जास्त संवाद साधा’ हा सल्ला घातक ठरू शकतो. तिथे कोचिंग विकणं थांबवा आणि महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन व तातडीसाठी ११२ दाखवा.

बँकेचा मेसेज कुणाच्या फोनवर जातो?

रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (पैसे आपोआप कापायला आधीच दिलेली परवानगी) नियमांप्रमाणे पैसे आपोआप कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना जाते आणि तिच्यात कंपनीचं नाव असतं. खातं जॉइंट असेल किंवा बँकेत नवऱ्याचा नंबर दिलेला असेल, तर बायकोने ॲप घेतल्याचं त्याला तिथून कळतं. हे टाळता येत नाही, पण आधी सांगता येतं. ऑटोपे चालू करण्याआधी ‘बँकेच्या मेसेजमध्ये हे नाव दिसेल’ असं दाखवा आणि एकदाच पैसे भरून महिनाभर वापरण्याची सोय ठेवा. ॲपच्या लॉक स्क्रीनवरच्या सूचनेत ‘आजचा धडा तयार आहे’ याहून जास्त काही नको.

ट्रायल तीन दिवसांची ठेवू नका. नोकरी करणाऱ्या जोडप्याला निवांत बोलायला रविवारच मिळतो, म्हणून किमान सात दिवस द्या.

थांबवण्याची वाट

‘ॲप डिलीट केलं तरी पैसे कापले’ ही तक्रार येत असेल, तर ॲप काढल्याने स्टोअरमधलं सबस्क्रिप्शन बंद होत नाही हे तुम्ही ठळक सांगितलेलं नाही. रद्द करण्याचं बटण सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर ठेवा आणि ते थेट योग्य जागी नेऊ द्या. ‘नातं वाचवायचं नाही का?’ असं तिथे विचारू नका. २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ज्या १३ डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा अडकवणाऱ्या रचनांची, नावं आहेत, त्यांत असं लाजवणं आणि सबस्क्रिप्शनच्या जाळ्यात अडकवणं, दोन्ही येतात.

रद्द करण्याच्या कारणांत ‘आम्ही वेगळे झालो’ हाही पर्याय हवा. तो निवडला की आठवण करून देणारे सगळे मेसेज, लग्नाच्या वाढदिवसाच्या सूचना आणि ‘परत या’चे ई-मेल त्याच क्षणी बंद झाले पाहिजेत, दोघांच्याही फोनवर. उरलेल्या महिन्यांचे पैसे न मागता परत करा.