संशोधनाचे पहिले वर्ष आणि घर
बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात पीएच.डी.साठी खानापूर किंवा निपाणीहून रोज ये-जा करणाऱ्या संशोधकाने वेळापत्रक आखताना सर्वप्रथम प्रवासाचा वेळ हिशेबात धरावा; गर्दीच्या बसमध्ये संदर्भ वाचून होतील, हा भ्रम पहिल्या आठवड्यातच सोडलेला बरा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क, म्हणजे पीएच.डी.चा अनिवार्य अभ्यासक्रम, किमान १२ क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे अभ्यासभाराचे एकक) आणि पीएच.डी.चा किमान कालावधी ३ वर्षांचा असल्याने, पहिल्या वर्षी कोर्सवर्कला अग्रक्रम द्यावा व प्रबंधलेखनाची घाई करू नये. सकाळचे दोन सलग तास वाचन आणि टिपणांसाठी राखावेत. मार्गदर्शकांच्या भेटीचा वार ठरवून घ्यावा. सुगीच्या दिवसांत घरच्यांना शेतावर हातभार लावायचा असेल, तर ती रजा मार्गदर्शकांना महिनाभर आधी कळवावी, ऐनवेळी नव्हे.