अक्षरं राहू द्या, आधी डबा उघडता येऊ द्या

विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. हा जास्तीचा वेळ बऱ्याच घरांत ए-बी-सी-डी गिरवण्यात जातो. ते शाळा शिकवणारच आहे. पहिल्यांदाच शाळेत जाणारं मूल अडतं ते डब्याच्या झाकणाशी आणि संडासाच्या दाराशी.

आधी संडासाचं. घरी कमोड आणि शाळेत देशी संडास असेल, तर मूल तिथे बसायला घाबरतं. मग शू धरून ठेवतं, आणि शू येऊच नये म्हणून पाणी पीत नाही. नागपूरच्या त्या दिवसांतल्या उकाड्यात याचा शेवट लघवीच्या जळजळीत नाहीतर बद्धकोष्ठतेत होतो. शाळा उघडण्याआधी एकदा नेऊन जागा दाखवा, घरी उकिडवं बसायची सवय लावा. चड्डी इलॅस्टिकचीच घ्या. घाईच्या वेळी बटण आणि चेन सुटत नाही. ‘शूला जायचंय’ हे शाळेत बोलतात त्या भाषेत सांगता यायला हवं. बाटली भरलेली परत आली तर रागावू नका. संडासात काय अडतंय ते विचारा.

डबा उघडून खायचा सराव शाळेच्याच डब्यावर करा: खाली बसून, 15 मिनिटांत, कुणाच्या मदतीशिवाय. गरम पोळी भरून लगेच झाकण लावलं की आतली वाफ गार होते, झाकण आत ओढलं जातं आणि इवल्या बोटांना ते हलत नाही. पोळी निवू द्या, मगच भरा. तूप-गुळाची एक पोळी गुंडाळून चार तुकडे केले की सुरुवातीला पुरे. घरी खातो त्याच्या निम्मंच द्या. रिकामा डबा घरी आणण्याचाही मुलांना आनंद असतो.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते. कूलरसमोर साडेदहापर्यंत जागणारं मूल एका रात्रीत साडेआठला झोपत नाही. दर दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणा. तीनेक आठवडे धरून चाला.

गेटवर नजर चुकवून निघून जाऊ नका. एकदा फसलेलं मूल दुसऱ्या दिवशी पाय सोडत नाही. ‘आत्ता येते’ हेही नको. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी याच गेटपाशी’ एवढं सांगा, पापा घ्या, निघा. आणि खरंच वेळेवर उभं राहा. ऑटो लावायचा असेल तर पहिला आठवडा स्वतः सोडा आणि त्याच दिवसांत ऑटोवाल्या काकांशी ओळख करून द्या.

पहिला आठवडा हसत गेलेलं मूल दुसऱ्या सोमवारी रडतं, ते नवल संपल्यामुळे. तान्हा पोळा, महालक्ष्म्यांच्या सुट्ट्यांनंतर पुन्हा तेच होईल. तेव्हाही निरोप तेवढाच छोटा ठेवा. मात्र महिनाभरानंतरही रोज सकाळी पोट दुखत असेल, अंथरूण ओलं करणं सुटलं होतं ते परत सुरू झालं असेल किंवा एखाद्या माणसाचं नाव काढताच मूल गप्प होत असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी वर्गशिक्षिकेशी बोला आणि मुलांच्या डॉक्टरांनाही दाखवा.