बर्फाच्या हिवाळ्याची बेगमी

बेगमी करायची म्हटली की पाय आधी दुकानाकडे वळतात. मला वाटतं, त्याआधी घरातच बसून एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहावं. दाराबाहेर कमरेइतका बर्फ साचलाय, रस्ता बंद आहे, वीज गेली आहे आणि नळ गोठलाय. अशा दिवशी आपण काय शिजवणार आणि कशावर? कणग्या भरलेल्या असूनही चूल पेटत नसेल तर घर उपाशी राहतं. म्हणून माझी यादी धान्यापासून सुरू होत नाही. ती पाण्यापासून आणि आचेपासून सुरू होते.

पाण्याचा हिशोब दर माणशी दिवसाला साधारण 4 लिटर असा धरा. त्यातलं निम्मं पिण्यासाठी, उरलेलं स्वयंपाकाला आणि हात-तोंड धुवायला. चार माणसांच्या घरात तीन दिवसांचे 48 लिटर होतात. एवढं तरी हवंच. जिथे रस्ता मोकळा व्हायला आठवडे लागतात तिथे दोन आठवड्यांचं, म्हणजे 224 लिटर पाणी ठेवायला जागा करावी लागेल. आकडा मोठा वाटतो, पण धान्याचे डबे रिकामे झाले तरी माणूस काही दिवस काढतो, पाण्यावाचून नाही. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून कॅन किंवा बाटल्या गळ्यापर्यंत भरू नका, काचेच्या तर वापरूच नका, आणि सगळा साठा घराच्या उबदार भागात ठेवा. बाहेर एवढा बर्फ आहे, तो वितळवू, या भरवशावर राहू नये. ताजा भुसभुशीत बर्फ दहा बादल्या आणला तर जेमतेम बादलीभर पाणी निघतं आणि इंधन मात्र भरमसाठ जळतं. तरीही वेळ आलीच तर पातेल्याच्या तळाशी आधी थोडं पाणी घाला, नाहीतर पातेलं करपतं. ते पाणी गाळून किमान एक मिनिट खळखळून उकळा; 2000 मीटरपेक्षा उंच राहत असाल तर तीन मिनिटं. बर्फ पांढरा दिसतो म्हणून पिण्याजोगा असतो असं नाही.

आता आच. शेगडी विजेची असेल तर दुसरी सोय आत्ताच बघा आणि तिला दोन आठवडे पुरेल एवढं इंधन जमवा. इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे: कोळशाची शेगडी, कॅम्पिंगचा स्टोव्ह किंवा जनरेटर घरात, गॅरेजमध्ये, अर्धवट उघड्या दाराआडसुद्धा लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतंय, झोप येतेय असं वाटेपर्यंत उशीर झालेला असतो. लाकडाची चूल असेल तर धुराडं हिवाळ्याआधी साफ करून घ्या. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. मोठा बर्फ पडून गेला की घर गरम करणाऱ्या भट्टीच्या आणि गीझरच्या बाहेर जाणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या नाहीत ना, हे आधी पाहा. आच मोजकी असेल हे धरून चालायचं, म्हणून साठ्यातला निदान एक तृतीयांश भाग न शिजवता खाता येईल असा ठेवावा: डबाबंद कडधान्यं, सुकामेवा, शेंगदाण्याचं लोणी, बिस्किटं, सुकी फळं, दूध पावडर.

एवढं झालं की धान्य. दर माणशी दिवसाला धान्य आणि डाळ मिळून 400 ग्रॅम आणि तेल 40 ग्रॅम धरलं तर साधारण 1750 उष्मांक होतात. वरचे साखर, सुकामेवा आणि दुधातून भरून निघतात. बर्फ उपसायचं काम अंगावर असेल तर भूकही जास्त लागते, तेव्हा हात आखडता घेऊ नका. तीन भाग धान्य आणि एक भाग डाळी-कडधान्यं या प्रमाणात चार माणसांना दोन आठवड्यांसाठी सुमारे 17 किलो धान्य, साडेपाच किलो डाळी आणि सव्वादोन किलो तेल लागतं. हे प्रमाण पोटभरीपुरतं नाही. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक शरीराला अन्नातूनच मिळवावे लागतात. धान्यात लायसिन कमी असतं ते डाळीतून मिळतं, आणि डाळीत मेथिओनिन कमी असतं ते धान्यातून. ताजं दूध-अंडी मिळणार नसतील तेव्हा ही जोडी फार मोलाची ठरते.

कोणतं धान्य, हेही बघा. पांढरा तांदूळ कोरड्या हवाबंद डब्यात वर्षानुवर्षं राहतो. हातसडीचा तांदूळ मात्र सहाएक महिन्यांत खवट होऊ लागतो, कारण त्याच्या कोंड्यात तेल असतं. कोंड्यासकट दळलेल्या पिठाचंही तेच. ते महिन्याभराचं बाहेर आणि बाकीचं फ्रीझरमध्ये ठेवावं. कडधान्यं खराब होत नाहीत, पण जुनी झाली की कितीही शिजवा, दगडासारखी राहतात. इंधन मोजून वापरायचं त्या दिवसांत हे परवडत नाही. राजम्याबद्दल विशेष सांभाळा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय ते जात नाही. इंधन वाचवायला मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेला अर्धाकच्चा राजमा पोटाची पार वाट लावतो. आच अपुरी असेल तर डब्यातला, आधीच शिजलेला राजमा उघडावा.

तांदूळ, पीठ, डाळी घरी आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर ठेवले तर किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर बाहेरचं बाष्प आत धरतं आणि बुरशी येते. भरायचं ते पत्र्याच्या किंवा काचेच्या डब्यांत. थंडी वाढली की उंदीर ऊब शोधत घरात शिरतात, आणि प्लॅस्टिकची पिशवी त्यांना एका रात्रीचं काम.

भाज्यांच्या साठवणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. लोक समजतात की थंड जागा असली की झालं. पण प्रत्येक भाजीला तिची स्वतःची थंडी लागते. बटाट्याला 7 ते 10 अंश आणि मिट्ट काळोख. 4 अंशांच्या खाली त्यातल्या स्टार्चची साखर होते. बटाटा गोडसर लागतो आणि भाजताना-तळताना काळा पडतो. उजेड लागला तर तो हिरवा होतो. हिरवेपणा आणि कोंब खोलवर कापून टाकायचे, कडवट लागला तर सगळाच टाकायचा. कांदा आणि लसूण गोठणबिंदूच्या जवळपास खूश असतात, पण त्यांना हवा कोरडी आणि खेळती लागते, म्हणून त्यांना जाळीत टांगा. बटाट्याशेजारी कांदा ठेवलात तर बटाट्याच्या ओलीने कांदा कोंब धरतो. गाजर, बीट, मुळा यांना 0 ते 2 अंश आणि भरपूर ओल हवी. पाला कापा, धुवू नका, खोक्यात ओलसर वाळूचे थर देऊन एकमेकांना न टेकतील असे रचा; कित्येक महिने कडकडीत राहतात. कोबीलाही अशीच जागा चालते. लाल भोपळ्याला मात्र ही थंडी सोसत नाही. त्याला 10 ते 13 अंश आणि कोरडेपणा हवा. देठ न मोडता, जमिनीला न टेकवता ठेवायचा. एका हिवाळ्यात मी तीन भोपळे गाजरांच्या खोक्याशेजारी थंड फरशीवर ठेवले होते आणि पाचव्या आठवड्यात तिन्हींवर मऊ, पाणचट डाग पडले. तेव्हापासून ते जेवणाच्या खोलीतल्या उंच फळीवर असतात. रताळ्यालाही तशीच, किंबहुना आणखी थोडी ऊब लागते.

सफरचंदं सगळ्यांपासून दूर. त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो, त्याने गाजरं कडू होतात आणि कोबीची पानं पिवळी पडून गळतात. त्यांना वेगळं खोकं, शक्यतो वेगळी खोली. हे सगळं ठरवण्याआधी दोन साधे थर्मामीटर घ्या. एक फरशीजवळ, एक वरच्या फळीवर, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. थंड हवा खाली बसते. त्यामुळे एकाच तळघरात किंवा एकाच कोठीत गाजराची जागा खाली आणि बटाट्याची वर असं सहज सापडतं. आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक खोक्यात हात घालायचा. एक नासका बटाटा पंधरा दिवसांत शेजारच्यांना घेऊन जातो.

हिरवं काही मिळणार नसेल त्या महिन्यांत क जीवनसत्त्वाकडे लक्ष द्या. कोबी, बटाटा, डबाबंद टोमॅटो आणि फ्रीझरमधले मटार हे त्याचे भरवशाचे ठेवे. कोबी बारीक चिरून, वजनाच्या सव्वादोन टक्के मीठ चोळून, त्याच्याच सुटलेल्या पाण्यात बुडवून आंबवला तर तो थंड जागी महिनोन्‌महिने टिकतो. किलोभर कोबीला साडेबावीस ग्रॅम मीठ. अंदाजाने घालू नका, तोलून घाला.

घरी बरण्या हवाबंद करून पदार्थ टिकवणाऱ्यांना, म्हणजे कॅनिंग करणाऱ्यांना, एक कडक सूचना. लोणची, मुरंबे, आंबट फळं यांत आम्लता पुरेशी असते, त्यांना भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत चालते. भाज्या, कडधान्यं, मांस यांना ती चालत नाही. बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू 100 अंशांना मरत नाहीत. त्यासाठी कॅनिंगचा खास प्रेशर कॅनर आणि तपासून घेतलेली कृती लागते. तो नसेल तर या गोष्टी वाळवा किंवा गोठवा. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याचा मोहही टाळा, धोका तोच.

डबाबंद पदार्थांत आंबट डबे, म्हणजे टोमॅटो, अननस वगैरे, दीड वर्षाच्या आत संपवावेत. कडधान्यं, मका, मासे दोन ते पाच वर्षं उत्तम राहतात. फुगलेला, गळणारा, शिवणीवर खोल पोचा आलेला डबा चव न बघता टाकून द्यायचा. डबे गारठलेल्या गॅरेजमध्ये ठेवू नका, आतलं गोठून शिवण उकलते. आणि हाताने फिरवायचा डबाफोड्या घ्या, दोन घ्या. पत्र्याच्या डब्याचं पेटंट पीटर ड्युरंड यांना 1810 साली मिळालं आणि अमेरिकेत एझ्रा वॉर्नर यांच्या डबाफोड्याचं पेटंट आलं ते 1858 साली. मधली कित्येक वर्षं माणसं छिन्नी-हातोड्याने डबे फोडत होती. घरात फक्त विजेवर चालणारा डबाफोड्या असेल तर अंधारात आपल्यावरही तीच पाळी येते.

फ्रीझर भरलेला ठेवा. वीज गेल्यावर दार न उघडलेला भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास गार राहतो, अर्धा रिकामा असेल तर 24. फ्रिजची मुदत जेमतेम 4 तास. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, त्या नंतर प्यायलाही होतात. खाणं उचलून बाहेर बर्फात पुरावं असं वाटतं, पण ते करू नये: दुपारच्या उन्हाने ते गरम होतं आणि जनावरं ओढून नेतात. त्याऐवजी भांड्यांत पाणी भरून बाहेर गोठवायचं आणि तो बर्फ आत आणून फ्रिजमध्ये ठेवायचा. मांस, दूध, शिजवलेलं अन्न 4 अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं तर ते गेलंच.

बाकीचं भराभर. मीठ, साखर, चहा-कॉफी, खाण्याचा सोडा, मसाले. काड्यापेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, विजेरीचे सेल, कचऱ्याच्या पिशव्या. रोजची औषधं दोन आठवड्यांची जास्त. तान्हं बाळ असेल तर त्याचं दूध आणि ते कालवायला वेगळं पाणी. एक वर्षाखालच्या मुलाला मध देऊ नका. मध थंडीत साखरेसारखा दाणेदार झाला तर तो बिघडलेला नसतो, बरणी कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो. ऑलिव्ह तेल गढूळ होऊन थिजतं, तेही उबेला येताच पूर्ववत होतं. पाळीव जनावरांचं खाणं विसरलं जातं, म्हणून यादीत वरच्या ओळीत लिहा.

हे सगळं एका दिवसात आणू नका. पहिल्या बर्फाच्या दोन महिने आधी सुरुवात करा, दर आठवड्याच्या खरेदीत दोन-तीन वस्तू जास्त घ्या. घरात जे रोज खाल्लं जातं तेच घ्या; मुलं जे एरवी तोंडात घेत नाहीत ते अडचणीच्या दिवशीही घेणार नाहीत. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी चिकटवून आणल्याची तारीख घाला, नवं मागे आणि जुनं पुढे लावा. कोठीच्या दाराला आतून वही टांगा, काढलं की खोडायचं. आणि हिवाळा लागण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी मेन स्विच बंद करून, नळ न उघडता, तिन्ही वेळचं जेवण याच साठ्यातून करून पाहा. काय विसरलं ते संध्याकाळपर्यंत कळतं.

मोठ्या बर्फाचा इशारा आला की त्या संध्याकाळी दोन मोठी भांडी आणि सगळे थर्मास उकळत्या पाण्याने भरा, भाताचं किंवा सुपाचं एक जादा पातेलं शिजवून गार झालं की फ्रिजमध्ये ठेवा, नळ गोठू नये म्हणून सिंकखालची कपाटं उघडी ठेवून तो बारीक धारेने चालू ठेवा, बर्फ उपसायचं फावडं दाराच्या आत आणा आणि डबाफोड्या अंधारातही हाताला लागेल अशा खिळ्यावर अडकवा.