हिरे बेनकलला निघण्यापूर्वी

सोलापूरहून हिरे बेनकलला, म्हणजे कर्नाटकात गंगावतीजवळ असलेल्या प्राचीन दफनघरांच्या डोंगरावर जायचं, तर दोन दिवस मोकळे ठेवा. विजापूर, इळकल, कुष्टगी करत गंगावती गाठून मुक्काम तिथेच करावा. एका दिवसात उरकू म्हणणारे भर दुपारी डोंगराच्या पायथ्याशी पोचतात आणि निम्म्यातून परततात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. पुढे कातळ तव्यासारखा तापतो आणि पावसाळ्यात शेवाळाने पाय घसरतो.

रात्रीच पिशवी भरून ठेवा. माणशी तीन लिटर पाणी, कारण वर दुकान नाही आणि तिथल्या तळ्याचं पाणी पिण्याजोगं समजू नये. कडक भाकरी न् शेंगाचटणी सोबत असली की डबा आंबण्याची भीती नाही. काटेरी झुडपांसाठी फुल पॅन्ट, पकड असलेले बूट, टोपी, बॅटरी, मोजपट्टी, वही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. गावातला एक वाटाड्या मात्र हवाच, पायवाटेला फाटे फार. कन्नड बोलणारा कुणी सोबत असेल तर उत्तम, सोलापुरात तो शोधावा लागत नाही. तिथे ‘मोरेर गुड्डा’ म्हणून विचारा, म्हणजे ‘मोर्य’ लोकांचा डोंगर.

उजाडताच चढायला लागा. तिरप्या उन्हात दगडावरचे बारकावे उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट होतं. वर सुमारे ४०० महापाषाणीय, म्हणजे मोठाल्या दगडांनी उभारलेली दफनस्मारकं आहेत. नीट टिकलेलं एखादं दफनघर निवडा आणि त्याच्यापाशी अर्धा तास तरी थांबा: उभ्या रोवलेल्या ग्रॅनाइटच्या फाड्या, वर झाकणशिळा, एका फाडीत कोरलेलं गोल भोक. त्या भोकाची कड बोट न लावता, जवळून बघा. लोखंडी हत्यारं वापरात आली होती, त्या काळातलं हे काम आहे. चुना नाही, सांधा नाही. सगळा डोलारा वजनावर आणि एकमेकांच्या आधारावर उभा आहे, म्हणून फाडीला टेकणं, झाकणशिळेवर चढणं, फोटोसाठी आत शिरणं साफ टाळा. एक फाडी सरकली की झाकण खाली येतं. मोठ्या कातळावर नगाऱ्यासारखा अर्धगोल दगड आहे. त्याचा आवाज ऐकण्यासाठी दगडाने ठोकू नये, टवके उडतात.

पायाखाली खापराचा तुकडा दिसला तर उचलू नका. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या, वहीत जागा लिहा. जागेवरून हललेलं खापर अभ्यासाला जवळजवळ निकामी होतं. दगडावरच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवणं किंवा पाणी ओतणंही नको. स्थळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली नुकसानीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नये.

या पट्ट्यात अस्वलांचा वावर असतो, म्हणून चारच्या आत उतरायला लागा आणि घोळक्यानेच चाला. वेळ उरला तर परतताना सोलापूर ओलांडून नळदुर्गला जाता येईल. दख्खनमधल्या अशा दफनांवर इंग्रजीत लिहिणारा मेडोज टेलर तिथे अधिकारी होता.