कमी पैशांत गेमिंग पीसी: कुठला भाग आधी, कुठला नंतर

बारावीची परीक्षा संपल्यावर भाच्याने मला फोनवर एक जाहिरात दाखवली. आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळं मिळून वीस हजारांच्या आत. वडिलांनी पन्नास हजार कबूल केलेले, म्हणजे तीस वाचले असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, दुकानदाराला एवढंच विचार, आय-सेव्हन कुठला? उत्तर आलं, २६००.

तो प्रोसेसर २०११ सालचा. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, कारण विंडोज ११ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरांची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कार्ड होतं जीटी ७३०, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवण्यापुरतं. अशा जाहिरातींना मुलं दररोज फसतात, आणि पैसे घरच्यांनी पोटाला चिमटा काढून जमवलेले असतात. म्हणून हा लेख सविस्तर लिहितो आहे.

आधी गेम लिहून काढा

कागदावर तुमचे चार-पाच गेम लिहा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला प्रोसेसर दमदार लागतो, कार्ड मध्यम चालतं. सायबरपंक २०७७सारख्या गेमला उलटं, तिथे सगळा भार कार्डावर. खर्चाची वाटणी इथेच ठरते.

त्याच कागदावर मॉनिटर लिहा. कमी बजेटमध्ये १०८० पिक्सेलचा, २४ इंची पुरे. त्याहून मोठ्या रिझोल्यूशनचा मॉनिटर घेतलात तर कार्डही तेवढं महाग घ्यावं लागतं. घरातला जुना मॉनिटर वापरणार असाल तर मागची बाजू बघा. फक्त निळं व्हीजीए सॉकेट असेल तर नव्या कार्डांना ते सरळ जोडता येत नाही. वेगळा कन्व्हर्टर लागतो.

मग एसएमपीएसचे पैसे बाजूला काढा

यादीत एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, नेहमी शेवटी येतो आणि तोवर पैसे संपलेले असतात. मी पहिलं मशीन जोडलं तेव्हा कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस लावला. आठव्या महिन्यात तो जळाला आणि मदरबोर्डलाही, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीलाही, घेऊन गेला. तेव्हापासून मी पहिली नोट इथे ठेवतो.

वॅटचा मोठा आकडा बघू नका, बाजूचं लेबल वाचा. त्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते शोधा आणि त्याला १२ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच लाइनवर जगतात. लेबलवर १६ अँपिअर असेल तर हाती आले १९२ वॅट, वर मोठ्या अक्षरात ४५० का लिहिलेलं असेना.

आता गरज मोजू. रेडिऑन आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॅटचं, रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा, जोर लावल्यावर त्याहून थोडा वर. बाकीच्या सगळ्याला पन्नासेक धरा. म्हणजे अडीचशेच्या आसपास. चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा खरा एसएमपीएस याला पुरतो, ५५०चा घेतला तर पुढचं कार्डही झेपेल. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतले भाग किती टिकाऊ आहेत ते सांगत नाही. म्हणून शिक्क्याबरोबर वॉरंटी किती वर्षांची तेही बघा.

ज्या गावात लाइट सारखी जाते-येते तिथे यूपीएस हवाच. बाजारातला ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. त्यावर खेळत बसता येणार नाही, पण गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करता येतं. आणि घरच्या विजेच्या बोर्डात अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.

कार्ड: बजेटचा सर्वात मोठा घास

मॉनिटर सोडून उरलेल्या शंभरातले चाळीस रुपये कार्डावर जाऊ देत. कार्डावरची मेमरी ८ जीबी असावी. ४ जीबीच्या कार्डांचा नव्या गेममध्ये दम लवकर निघतो.

एक सापळा सांगतो. आरएक्स ६५०० एक्सटी हे नाव भारदस्त वाटतं, पण त्याला ४ जीबी मेमरी आहे आणि मदरबोर्डाशी जोडणारे मार्ग फक्त चार. बोर्ड पीसीआयई ३.०चा, म्हणजे या जोडणीच्या जुन्या आवृत्तीचा असेल, आणि स्वस्त बोर्ड बहुधा तसेच असतात, तर ते आणखी मंदावतं. त्यापेक्षा दोन-तीन महिने थांबून आरएक्स ६६०० किंवा त्या वर्गातलं ८ जीबीचं कार्ड घ्यावं, असं माझं स्पष्ट मत.

घरात आठव्या पिढीचा आय-५ असलेला ऑफिसचा जुना डेस्कटॉप असेल तर नवा पीसी घेण्याआधी आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं रूप बघा. ते ७० वॅटवर चालतं, एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही. आत बसतंय का, तेवढी जागा आधी पट्टीने मोजा.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात, म्हणून दुकानात ‘प्रोसेसर’ असंच म्हणा. रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय-५ १२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे आणि मध्यम कार्डाला पुरून उरणारे. फारच ओढाताण असेल तर चार कोअरचा आय-३ १२१००एफ. इंटेलच्या नावातला ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार.

खरा पेच पडतो तो कार्डाचे पैसे आज नसतात तेव्हा. मग रायझन ५ ५६००जी डोळ्यांसमोर येतो, कारण त्याच्या आत ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट, जीटीए ५ सेटिंग कमी करून त्यावर छान चालतात. पण ५६००च्या तुलनेत त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, निम्मी, ३२ऐवजी १६ एमबी, आणि तो पीसीआयई ३.०वरच थांबतो. पुढे कार्ड लावल्यावर ही कमतरता कायमची सोबत राहते. वर्षभर तरी कार्ड येणार नसेल तर ५६००जी निःशंक घ्या. दोन-तीन महिन्यांत येणार असेल तर कळ काढा आणि ५६०० घ्या.

मदरबोर्डावर फार खर्च करू नका. रायझनच्या या दोन्ही प्रोसेसरांना बी४५० पुरतो, परवडला तर बी५५०. तो बोर्ड या प्रोसेसरला ओळखतो का, म्हणजे त्याचं बायोस (बोर्डातलंच मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आहे का, हे मात्र पैसे देण्याआधी विचारा.

रॅम आणि एसएसडी

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी आहे आणि कारखान्यांनी उत्पादन तिकडे वळवलं. त्यामुळे डीडीआर५चा, म्हणजे रॅमच्या नव्या पिढीचा हट्ट सोडा. डीडीआर४ची १६ जीबी घ्या, ८-८च्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला डेटाचे दोन रस्ते मिळतात. ५६००जी घेणाऱ्याने तर हे चुकवूच नये, त्याचं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची. कॅबिनेट पुढून जाळीचं असावं आणि आत दोन पंखे. काचेसाठी आणि रंगीत दिव्यांसाठी जादा पैसे देऊ नका.

खरेदी

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर तीन-चार दुकानांत एकच लेखी यादी फिरवा आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा मागा. ‘पूर्ण सेट’चा भाव घेतलात की एसएमपीएस आणि रॅम हळूच बदलले जातात. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. सर्व्हिस सेंटर तेच विचारतं.

जुनं कार्ड घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास जड गेम चालवून बघा. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर बरीच बनावट कार्डं ओळखतं. आरएक्स ५८० म्हणून मिळणाऱ्या कार्डावर ‘२०४८एसपी’ लिहिलेलं असेल तर ते मूळ ५८० नव्हे. एसपी म्हणजे कार्डातले छोटे प्रोसेसर, मूळ ५८०मध्ये ते २३०४ असायला हवेत.

पहिल्यांदा सुरू केल्यावर

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारं सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम अनेकदा २४०० किंवा २६६६वरच धावते. विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते, बघा. मॉनिटर १०० हर्ट्झचा असूनही सेटिंग ६०वर राहिलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या सॉकेटात न लावता खाली, कार्डाच्या सॉकेटात लावा. भाच्याचा पीसी पहिल्या संध्याकाळी चित्रच दाखवत नव्हता. त्याचा ५६००, आत ग्राफिक्स नाही, आणि केबल वरच्या सॉकेटात. ती खाली लावली आणि पडदा उजळला.