गोव्यातल्या डोंगरात हॅश रनचा ट्रेल टाकायचाय? हे वाचून मग पीठ घ्या

हॅश रन म्हणजे एकाने आधी जाऊन पिठाच्या ठिपक्यांनी वाट, म्हणजे ट्रेल, आखायची आणि बाकीच्यांनी ती शोधत पळत-चालत जायचं. वाट आखणारा तो हेअर. पहिल्यांदा हेअर होणारे बहुतेक जण काय करतात तर मॅपवर सात-आठ किलोमीटरचा मस्त राऊंड काढतात, त्यावर ठिपके टाकत जातात आणि झालं म्हणतात. मग मॅरेथॉनवाली पोरं पाऊण तासात गाड्यांपाशी येऊन मोबाईल बघत बसतात आणि आपले काका-काकू अजून पहिल्याच चढावर धापा टाकतायत. असं झालं तर ती हॅश नाही, साधी रेस झाली. क्वालालंपूरला १९३८ मध्ये तिथल्या ब्रिटिश साहेबांनी हे सुरू केलं तेच मुळी वीकेंडची उतरवायला आणि चार लोकांत घाम गाळायला, त्यामुळे हेअरचं खरं काम एकच, पळणारे आणि चालणारे साधारण एकाच वेळी शेवटाला पोचले पाहिजेत.

त्यासाठी चेक. जमिनीवर पिठाचा मोठा गोल काढायचा, तिथे ट्रेल तुटतो. पुढे आलेल्यांनी चारी दिशांना पांगून पुढचा ठिपका शोधायचा, साधारण शंभर-दीडशे मीटरच्या आत कुठेतरी तो असतो. खोट्या वाटेवर तीन ठिपके टाकून चौथ्या जागी फुली मारा, म्हणजे तिकडे धावलेला परत येणार. ज्याला खरी वाट सापडली तो 'ऑन ऑन' ओरडतो आणि तोवर मागचे आरामात चालत गोलापाशी पोचलेले असतात. पाच-सहा किलोमीटरला चार-पाच चेक भरपूर झाले. आणि चेक टाकायचा कुठे? चढ संपल्यावर, माथ्यावर, म्हणजे मागच्यांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. खोटी वाट उताराला कधीच नको, लोक खाली जाऊन परत वर येताना तुमचं सात पिढ्यांपर्यंत नाव घेतील. चालणाऱ्यांसाठी मधून एक शॉर्टकट ठेवा, पण त्यावर वेगळी खूण करा, नाहीतर पळणारे गुपचूप तिथूनच येतात, सगळ्यांना माहितीय कोण ते.

पीठ मैद्याचंच. गव्हाचं पीठ सुक्या गवतावर दिसतच नाही. लाल मातीवर मैदा झकास उठून दिसतो, मूठभर टाकला तरी पुरतो. पोसऱ्यावाल्याला, म्हणजे किराणा दुकानदाराला, आधी सांगून ठेवलं तर जुना, किडे पडलेला स्वस्तात देतो. पावसात गोष्ट वेगळी, रिमझिम असेल तर मैदा चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला, चिकटून राहतो पण धो-धो आला की दहा मिनिटांत साफ, म्हणून जून ते सप्टेंबर झाडाच्या बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीवर, ज्या बाजूला पाऊस मारत नाही तिकडे थापा, किंवा सॉमिलमधला भुसा वापरा. चुना नको. तो डोळ्यात गेला तर भाजतं आणि गुरं जमीन चाटतात. ट्रेल त्याच दिवशी पहाटे टाका, आदल्या रात्री टाकलात तर निम्मा गुरांच्या आणि मुंग्यांच्या पोटात.

आता जागा. डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, कुठेही डोंगर आहेच, पण म्हादई, बोंडला, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय घुसायचं नाही. बाहेरच्या गावात पण आधी पंचायतीच्या पंचाला नाहीतर वाड्यावरच्या कोणा जाणत्याला सांगून ठेवा. कारण विचार करा, सकाळी उठून बघतात तर घरासमोर, तिठ्यावर पांढऱ्या पिठाचे गोल आणि फुल्या, कोणाला काय वाटेल? २००७ मध्ये अमेरिकेत न्यू हेवनला इकियाच्या पार्किंगमध्ये असंच पीठ टाकलं तर पोलिसांना विषारी पावडर वाटून सगळं दुकान रिकामं केलं होतं. आपल्याकडे पोलिसांच्या आधी घाडी, म्हणजे करणी-बाधा उतरवणारा, बोलावतील. देवराईत आणि राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, जागेत एक ठिपका पण नको, लांबून वळवा. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मालकाला विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, पाट तुडवले की माणूस चिडणारच. मार्च ते मे काजूच्या बागा तर सोडाच, बोंडू पडलेले असतात आणि भाटकार, म्हणजे बागेचा मालक, पहाटेपासून तिथेच.

सगळ्यात जास्त काळजी सड्यावर, म्हणजे चिऱ्याच्या उघड्या पठारावर, घ्या. पावसात चिऱ्यावर काळं-हिरवं शेवाळ धरतं, नव्या बुटाची ग्रिप पण तिथे काही कामाची नाही, उन्हाळ्यात त्याच जागी बारीक खडी सुटते आणि उतारावर पाय छऱ्यांवर पडल्यासारखा सरकतो. पण खरी भीती बंद पडलेल्या चिरेखाणींची. सरळ कापलेल्या भिंती, आत पावसाचं हिरवं पाणी, कडेला पुरुषभर गवत, आणि चार पावलांवर येईपर्यंत पुढे खड्डा आहे हे कळतच नाही. बाहेर चढून यायला पायरी नसते. ट्रेल खाणीपासून चांगला लांब ठेवा आणि तिच्या आसपास चेक तर मुळीच टाकू नका, कारण चेकवर लोक ठिपके शोधत कुठेही पळतात. रेकी गवत वाढल्यावरच करा, मे महिन्यात बघितलेली वाट ऑगस्टला ओळखू येत नाही.

पावसाळ्यात जळवा. लांब मोजे आणि मीठ सोबत असलं की भागतं, त्याचा बाऊ करू नका. डिसेंबर ते मे सत्तरीकडे जात असाल तर मात्र गोचीड बघा. २०१५ पासून तिकडे माकडताप आहे आणि तो गोचिडीतूनच येतो, त्यामुळे पालापाचोळ्यात बसायचं नाही, फुल पँट मोज्यात खोचायची, घरी जाऊन गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. माकड मरून पडलेलं दिसलं तर तिथून मागे फिरा आणि आरोग्य खात्याला कळवा. गवा दिसला तर व्हिडिओ न काढता हळूहळू मागे सरका.

बाकी सोप्पं. सुरुवात साडेसहाला, ऑक्टोबरच्या उकाड्यात तर त्याहून लवकर. प्रत्येकाकडे लीटरभर पाणी, शिट्टी, फोनमध्ये ऑफलाईन मॅप, कारण डोंगराच्या मागे रेंज गायब. निघताना डोकी मोजा, सगळ्यात मागे ट्रेल माहीत असलेला एक माणूस ठेवा, आणि शेवटाला परत मोजा. एक जरी कमी असेल तरी भाजी-पाव उघडायचा नाही. हो, आणि बियर किंवा हुर्राक (काजूची दारू) असेल तर ड्रायव्हर आधी ठरवा, बाटल्या परत गाडीत, आणि गाड्या लावताना कदंबाची, म्हणजे सरकारी, बस वळते ती जागा मोकळी सोडा, गावात पुढच्या वेळी येऊ देणार की नाही ते बहुतेक त्यावरच ठरतं.